व्याह्यांसमोर निकाल सांगायचा नाही

२०१६ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. एवढ्या आयुष्यात मी चोर पाहिले, पोलीस पाहिले, वजनात मारणारे व्यापारी पाहिले, पण माझ्या व्याह्यांइतका संशयी माणूस देवाने दुसरा केला नाही; केला असेल तर व्याह्यांनी तो तपासणीसाठी अडकवून ठेवला असेल. हे गृहस्थ जन्मभर नगरपालिकेच्या जकात नाक्यावर निरीक्षक होते आणि मी जन्मभर टेम्पो चालवला. म्हणजे सोयरीक जमायच्या कितीतरी आधीपासून आम्ही एकमेकांकडे काचेतून वाकडं बघतच होतो, फक्त नावं माहीत नव्हती. त्यांच्या मुलासाठी माझ्या मुलीला मागणी आली तेव्हा मी पत्रिका विचारली नाही. बापाचा नाका कुठला, तेवढं विचारलं.

बायको गेली आणि मुलीने मला सिंगापूरला बोलावून घेतलं. जुरोंग ईस्टला त्यांचा भाड्याचा फ्लॅट. जावई पाया लेबारला ऑफिसात, मुलगीही नोकरीवर, नात शाळेत, आणि व्याही दोन वर्षं आधीपासून तिथेच मुक्कामाला. मी दिवाळीला गेलो, संक्रांतीला परत आलो, मार्च संपता संपता पुन्हा गेलो. मुलगी एकच गोष्ट लावून धरायची, "आबा, आता जाऊ नका. इथे राहायचा पास काढू. गावात तुमचं आहे कोण?" मी म्हणायचो, "बघू." मुलीचा बाप तिच्या सासरी चार दिवस शोभतो, तिथेच राहायचं म्हटलं की घास तोंडात फिरतो. माझं मनाशी ठरलं होतं. व्याह्यांच्या तोंडावर एकदा जरी दिसलं की मी त्यांना जड झालोय, तर त्याच आठवड्यात विमान. आणि ते कधी दिसतंय याची वाट बघत मी त्यांच्याच खोलीत, त्यांच्या शेजारच्या पलंगावर झोपत होतो.

व्याह्यांचा संशय सगळीकडे सारखा चालायचा, आपपरभाव नव्हता. नात शाळेतून आली की दप्तराला दोन टिचक्या मारून विचारायचे, "आत काय?" ती तिथल्या पोरांच्या बोलीत म्हणायची, "बुक्स लाह, आजोबा, व्हॉट एल्स?" तरी एकदा उघडून बघायचेच. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, भाताची ताटली समोर आली की भाताखाली चमचा घालून वर करायचे, जणू खाली कापडाचे तागे लपवलेत. एकदा जावयाने आम्हाला पुलाउ उबीनला नेलं. त्या बेटावर जायला लहानशी होडी आहे, ती माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. व्याही तिथल्या म्हाताऱ्या नावाड्यासमोर उभे राहून प्रत्येक चढणाऱ्याला बोट दाखवून मोजत होते. नावाड्याला वाटलं हे कोणी सरकारी साहेब आहेत. त्याने त्यांना पुढची चांगली जागा दिली. त्यावर व्याही माझ्या कानात म्हणाले, "बघा आबा, जागा देतोय. म्हणजे काहीतरी आहे."

पण त्यांचा खरा नाका टीव्हीसमोर होता. तरुणपणी व्याही नगरपालिकेच्या संघातून बास्केटबॉल खेळायचे, आणि म्हातारपणी त्यांना युरोपातल्या क्लबांच्या मोठ्या स्पर्धेचं वेड लागलं. अमेरिकेचं बास्केटबॉल त्यांना वर्ज्य. "ती जत्रा आहे. तिथे पंच पावलं मोजत नाहीत." त्यांचा संघ इस्तंबूलचा, पिवळ्या-निळ्या कपड्यांचा. मी एकदा विचारलं, "साहेब, हेच गाव का धरलंत?" साहेब म्हणायची सवय नाक्यापासूनची, जिभेवरून जाता जाईना. ते म्हणाले, "अर्धं गाव एका खंडात, अर्धं दुसऱ्या खंडात. मध्ये नाका असलाच पाहिजे." आदल्या वर्षी हा संघ अंतिम सामन्यात मॉस्कोच्या संघाशी बरोबरीपर्यंत जाऊन जादा वेळेत हरला होता. तो सामना ते असा सांगायचे की घरात कोणीतरी गेलंय असं वाटावं.

त्या वर्षी स्पर्धेची पद्धत बदलली. सोळा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी खेळायचं, एकदा बाहेर. मला हे न्यायाचं वाटलं. व्याह्यांना त्यात डाव दिसला. "सगळ्यांना सगळ्यांशी खेळवतायत. दमवायचं आहे कोणालातरी." कोणाला, हे सांगायची गरज नव्हती. इस्तंबूलचे खेळाडू जखमी झाले की फरशीवर तेल टाकलं होतं, जिंकले की पुढच्या वेळी पाडण्यासाठी जिंकू दिलं होतं. टीव्हीवरच्या घड्याळावरही विश्वास नव्हता. सामना सुरू झाला की स्वतःचं मनगटी घड्याळ काढून टीपॉयवर ठेवायचे. या खेळातलं शेवटचं मिनिट कसं असतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. शिट्टी, थांबा, प्रशिक्षकाची आरडाओरड, पुन्हा शिट्टी. त्या एका मिनिटात मी खाली जाऊन कोथिंबीर आणली आहे. व्याही घड्याळाकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे बघा. नोंद करून ठेवा."

युरोपातली संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. डॉक्टरांनी त्यांचं जागरण बंद केलेलं. त्यामुळे सामना रेकॉर्ड व्हायचा आणि ते सकाळी बघायचे, निकाल माहीत नसल्यासारखा नव्हे, खरंच माहीत नसताना. त्यासाठी घरात संचारबंदी लागायची. जावयाने फोन पालथा ठेवायचा, मुलीने पेपर खेळाच्या शेवटच्या पानाकडून दुमडायचा, नातीने तर आजोबांकडे बघायचंच नाही, कारण तिला हसू आवरत नसे. तरीही नाश्त्याला बसले की एकेकाच्या तोंडावरून व्याह्यांची नजर फिरायची. "तू आज साखर कमी घेतलीस. हरलेत ना?" जावई हात जोडून ऑफिसला पळायचा.

घरातून सगळे गेले की शेजारी बसवायचे ते मला. पहिल्या वेळी मला बरं वाटलं. मग त्यांनी कारण सांगितलं. "आबा, घरात निर्धोक माणूस तुम्हीच. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही. तुमच्याकडून काही फुटायचं नाही." मी चौथीत शाळा सोडली हे खरं. पण मला दिल्ली-कोलकात्यापर्यंतचे रस्ते पाठ आहेत आणि असल्या शब्दांनी माझ्या डोक्यात काय होतं ते मलाच माहीत. मी उठलो नाही, इतकंच. उठलो असतो तर चिडलो असं झालं असतं.

इस्तंबूलचा संघ साखळीत पाचवा आला, अथेन्सच्या हिरव्या संघाला हरवून शेवटच्या चारांत गेला, तिथे माद्रिदला हरवलं. अंतिम सामना ग्रीसमधल्याच पिरेअसच्या संघाशी, आणि तोही इस्तंबूलातच. व्याही आणखी काळजीत पडले. "घरच्या अंगणात ठेवलाय. सगळ्यांसमोर पाडायचं आहे."

सामना व्हायचा होता त्या रविवारी संध्याकाळी मी मागच्या बाजूला बांबूवरचे कपडे काढत होतो. स्वयंपाकघरात व्याही सुनेला विचारत होते, "आबांचं तिकीट नक्की कोणत्या दिवसाचं आहे?" ती म्हणाली, "येत्या शुक्रवारचं." ते म्हणाले, "म्हणजे जातायत नक्की." ती काहीतरी पुटपुटली. मी उरलेले कपडे ओलेच काढले. झालं, ज्याची वाट बघत होतो ते मिळालं. गंमत अशी की ते मिळाल्यावर मला अजिबात बरं वाटलं नाही.

सोमवारी सकाळी मी चहाला खालच्या हॉटेलात गेलो. तिथे भिंतीवरच्या टीव्हीत बातम्या चालू होत्या. पिवळ्या-निळ्या कपड्यांची ती ओळखीची उंच पोरं, अंगावर चमकत्या कागदांचा पाऊस, मधोमध चषक. त्यासाठी इंग्रजी लागत नाही. चहा तसाच ठेवून मी लिफ्टमध्ये शिरलो. वर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, "साहेब, तुमचे जिंकले. आणि मी चाललो." लिफ्टमध्ये मी ते दोनदा म्हणूनही पाहिलं.

दार व्याह्यांनीच उघडलं. अंगात नगरपालिकेच्या संघाचा जुना बनियन, पोटावर ताणून आकडा आडवा झालेला. टीपॉयवर घड्याळ, आणि शेजारी दोन कप चहा. त्या घरात त्यांनी चहा केलेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे नाक्यावर बघायचे तसं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "बसा." त्या बनियनसमोर मला लिफ्टमधलं वाक्य म्हणता येईना, मी बसलो.

सामना सुरू झाला. इस्तंबूलचा संघ पहिल्यापासून पुढे. मी उगाचच "अरेरे" म्हणायचो, "आता कठीण आहे" म्हणायचो, पिरेअसने एक बास्केट मारली की कपाळाला हात लावायचो. व्याही अधूनमधून माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा टीव्हीकडे. संशयी आवाजात एकदाच म्हणाले, "इतकं सोपं कसं जातंय?" शेवटी तिकडे कागदांचा पाऊस सुरू झाला. तुर्कस्तानात तो चषक पहिल्यांदाच येत होता, माणसं रडत होती. व्याह्यांनी टीव्ही बंद केला.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

"मला कसलं माहीत? मला वाचता कुठे येतं?"

"दारात कळलं मला. आयुष्यभर टेम्पोवाल्यांची तोंडं वाचली आहेत, आबा. माल आहे की नाही ते तोंडावर दिसतं."

"मग बोलला का नाहीत? पूर्ण बघितलात कशाला?"

"तुम्ही सांगत नव्हता ना." त्यांनी घड्याळ मनगटाला बांधलं. बांधायला फार वेळ लावला. "पुढचा हंगाम ऑक्टोबरात आहे. काल सूनबाईला विचारलं, तिकीट कधीचं आहे. ती म्हणते आबा परत येतीलच असं नाही. मला तर पक्का संशय आहे, तुम्ही येणार नाही." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "एकट्याने बघायचं म्हणजे, तुम्हाला सांगतो, पंचांवर लक्ष राहत नाही."

चहा गार झाला होता, साखर जास्त होती, तरी सगळा प्यायलो.

त्यानंतर दोन हंगाम आम्ही एकत्र बघितले. इस्तंबूलचा संघ पुन्हा जिंकला नाही, आणि त्याला जबाबदार कोण हे आम्हा दोघांना माहीत होतं. नंतर व्याही गेले. आता सामना मी एकटाच लावतो. नात आधीच निकाल सांगून टाकते, मीही तिला अडवत नाही. लपवायचं कोणापासून?

पण ते पुढचं. त्या सोमवारनंतरच्या सकाळी मी लवकर उठलो, दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि मुलगी ऑफिसला निघायच्या आत तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "पासाला फोटो लागतो म्हणालीस ना? चल, काढून घे."