पाच दिवसांचं पीठ

माय माझ्यासाठी जे पीठ करायची, त्याला आमच्या घरात नाव नव्हतं. सातूचं म्हणावं तर त्यात दादर ज्वारीही असे, आणि भाजणी म्हणावी तर ते पुन्हा चुलीवर चढवावं लागत नसे. गहू, हरभऱ्याची डाळ आणि दादर खापरावर वेगवेगळी खमंग भाजायची, सुंठ-जिरं घालून दळायचं, डब्यात दाबून भरायचं. खाताना गुळाच्या पाण्यात दोन मुठी कालवल्या की झाली न्याहरी. कधी ताक मिळालं तर मीठ-तिखट घालून.

हे पीठ जन्माला आलं ते मी जळगावला कॉलेजात गेले म्हणून. आमचं गाव धुळे-जळगाव रस्त्यावरचं. मॅट्रिकपर्यंत मी धुळ्याला मामाकडे राहून शिकले. पुढचं शिकायचं तर जळगाव, आणि तिथे आमचं कोणी नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, वर्षानुवर्षं आपल्या शेतातला भुईमूग जळगावच्या एका मारवाडी शेठजींकडे घालत. त्यांनी घरामागची एक खोली मला दिली. दोन वेळचं जेवण त्यांच्याच घरी, त्याबद्दल नाना सुगीला ज्वारी आणि तूर आणून टाकणार, असं ठरलं. नानांनी मला एवढंच सांगितलं होतं की एक वर्ष बघू. खर्च झेपला तर पुढे, नाही तर घरी. ते रागावून बोलले नव्हते. घरात आणखी तीन भावंडं होती आणि मी सगळ्यांत थोरली होते.

शेठजींचं घर जैन. सकाळी देवळात जाऊन आल्याशिवाय घरात कोणी तोंडात काही घालत नसे आणि माझं कॉलेज तर सकाळचं. कॉलेजसमोरच्या हॉटेलात पोहे मिळत, पण रोज हॉटेलात खाणारी मुलगी वर्षभर टिकली नसती. निघताना मायने डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली,

"दोन येळनं जेवण त्यासनं, सकायनं आपलं. आनि बठ्ठं एकदम खाऊ नको, महिना काढाना शे."

पहिला महिना त्या पिठाने चांगला निघाला. वर्गात बाकीच्यांची पोटं गुरगुरत तेव्हा मी निवांत टिपणं घेत असे. मग आषाढ लागला.

शेठाणींना मी काकी म्हणत असे. चाळिशीच्या, ठेंगण्या, बोलायला मऊ, पण घरातल्या नियमांच्या बाबतीत जराही न हलणाऱ्या. चौमासा सुरू झाला तेव्हा त्या साफसफाईसाठी माझ्या खोलीत आल्या. डबा उघडून त्यांनी वास घेतला आणि कधी दळलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं की नाना परवाच देऊन गेलेत, दळून आठ दिवस झाले असतील. त्यांनी झाकण लावलं. पावसाळ्यात त्यांच्याकडे पाच दिवसांवरचं पीठ चालत नसे. शिळ्या पिठात जीव पडतात, ते आपल्या हातून मरतात, म्हणून ते खायचं नाही आणि घरातही ठेवायचं नाही. हे सगळं त्यांनी मला अगदी समजुतीने सांगितलं. डबा घरी पाठवून दे, म्हणाल्या.

मी हो म्हटलं, आणि त्या गेल्यावर डबा पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली दडवला. आज लिहितानाही याची लाज वाटते. पण त्या वेळी मला एकच दिसत होतं. डबा गेला तर सकाळचं खाणं गेलं, ते विकत घ्यावं लागलं तर खर्च वाढला, आणि खर्च वाढला तर नाना वर्ष संपल्यावर मला न्यायला येणार.

पंधरा दिवस मी पेटी उघडून चोरासारखं खाल्लं. मग एका रविवारी सकाळी पीठ हाताला गोळे गोळे झालेलं लागलं. बाहेर उजेडात नेऊन पाहिलं तर जाळी धरलेली, आणि जाळीत बारीक पांढऱ्या अळ्या. टाकून द्यायचं मनात आलं नाही. मायने खापरापुढे बसून भाजलेलं ते. मी परसात बसून पातळ फडक्यातून ते चाळायला लागले. तेवढ्यात काकी देवळातून आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय करतेस?"

"चाळतेय."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

मला वाटलं, आता त्या म्हणतील सामान बांध. त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, सगळं पीठ अळ्यांसकट एका परातीत काढलं आणि लिंबाच्या बुडाशी सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला, इतक्या हळुवारपणे ठेवलं की जणू तान्हं मूल निजवतायत. मग माझ्याजवळ पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "उद्यापासून सकाळी तुझ्यासाठी दूध आणि खाखरा काढून ठेवते. देवळात जायच्या आधी ठेवून जाईन."

मी नको म्हटलं. त्यांना वाटलं संकोच करतेय. मग मला सगळं सांगावंच लागलं. दोन जेवणं तुमची आणि सकाळचं आमचं, असं मायने ठरवलंय. तिसरंही तुमच्याकडे घेतलं हे तिला कळलं तर तिला वाटेल आपण मुलगी लोकांच्या दारी टाकली. ती नानांना सांगेल आणि नाना मला घेऊन जातील. बोलता बोलता मला रडू आलं.

काकींनी त्या परातीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "नुसता भाजलेला दाणा किती दिवस राहतो?"

"माय म्हणते, कोरडा ठेवला तर महिना-दोन महिने."

"मग ती दळून का पाठवते?"

"दळण्यात माझा अभ्यासाचा वेळ जाऊ नये म्हणून."

"पाच दिवसांतून एकदा दळायचं. घट्टी माझी, हात तुझे. यात कोणाच्या दारी कोण आलं?" जात्याला त्या घट्टी म्हणत.

त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून पोस्टकार्ड लिहवून घेतलं. मजकूर त्यांचाच: पीठ पाठवू नका, दाणे पाठवा. मी त्याच्या मागेपुढे नमस्कार, खुशाली, पाऊसपाणी असं बरंच काही लिहिलं, पण मधलं वाक्य काही केल्या मऊ होईना. गावात पत्र आलं की शाळेचे मास्तर ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचत. चार बायकांच्या देखत मायला ऐकावं लागणार होतं की तिच्या हातचं पीठ जळगावच्या घरात चाललं नाही. ती चिडली तर काय करील, याचा मला अंदाज होता. मुलीला बोलावून घेईल.

पुढचे दहा-बारा दिवस मी सकाळी तांब्याभर पाणी पिऊन कॉलेजला गेले. काकींनी पुन्हा दुधाचं विचारलं नाही, पण दुपारचं पान मात्र त्या माझं सगळ्यांआधी वाढत.

मग नाना आले. खांद्यावर गाठोडं होतं आणि मला घरी चल म्हणायचा रंग चेहऱ्यावर दिसत नव्हता. गाठोड्यात सात पोटल्या होत्या. मायने तिचं जुनं लुगडं फाडून त्या शिवल्या होत्या. सहा पोटल्यांत गहू, डाळ आणि दादर, एकेका दळणाचं मापून भरलेलं, आणि सुंठ-जिऱ्याची पुडी प्रत्येकीच्या तोंडाशी बांधलेली. पोटली सोडायची, घट्टीवर ओतायची, बस. माझा वेळ तिने इथेही वाचवलाच होता. सातवीत तेच दाणे होते, पण ती जरा मोठी होती. ती शेठाणींची, असं नानांनी सांगितलं. मग ते घोटाळले. निरोपही आहे, म्हणाले, पण तो सांगावा की नाही. काकी दाराआडून म्हणाल्या, सांगा.

नानांनी जमिनीकडे बघत जसाच्या तसा सांगितला: "पीठ मनं नही बिघडनं. त्यासनं घर दमट शे."

मी डोळे मिटून घेतले. दाराआडून काकी हसल्या. पदर तोंडाला लावून, पण चांगल्या खळखळून. म्हणाल्या, "खरं बोलते तुझी माय. दोन पावसाळे झाले, मागच्या भिंतीला ओल आहे म्हणून शेठजींना सांगतेय. माझं कोण ऐकतं?"

दुसऱ्या दिवशी पहाट सरता सरता आम्ही दोघी घट्टीला बसलो. खुंटा मीच धरायचा असं ठरलं होतं, पण चार फेऱ्यांनंतर त्यांचा हात आपोआप माझ्या हातावर आला. भाजल्या दाण्याचं गरम पीठ घट्टीच्या कडेने पडू लागलं तेव्हा सगळ्या घरात माझ्या घराचा वास सुटला. देवळातून आल्यावर त्यांनी आपल्या पोटलीच्या दळणातलं चिमूटभर कालवून चाखलं. चांगलं आहे, म्हणाल्या, पण बडीशेप हवी. मी ते पत्रात लिहिलं, भीत भीत. मायने उत्तर पाठवलं नाही. पुढच्या खेपेच्या पुडीत मात्र सुंठ-जिऱ्याबरोबर बडीशेप होती.

अशी चार वर्षं गेली. पावसाळा संपला की पाचाचे सात दिवस होत, पण दळण चुकलं नाही. वर्ष संपल्यावर नाना खर्चाचं काही बोलले नाहीत आणि मीही विषय काढला नाही. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. लोक माझ्या हुशारीचं कौतुक करतात तेव्हा मला त्या सात पोटल्या आठवतात, आणि मी बोलणं दुसरीकडे वळवते.

बी.ए.चा निकाल लागल्यावर माय पहिल्यांदा जळगावला आली, माझं सामान न्यायला. एवढ्या वर्षांत या दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. काकी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या खोलीत आल्या. मायने तांब्या हातात घेतला, पण पाणी प्यायली नाही. ती तशीच मागच्या भिंतीपाशी गेली, पोपडे सुटले होते तिथे तळहात टेकवला आणि काकींकडे वळून पाहिलं.

"अजून शे," ती म्हणाली.

"अजून आहे," काकी म्हणाल्या. "बसा ना."

मग माय पाणी प्यायली आणि कमरेला बांधलेली भाजल्या दाण्यांची पोटली सोडून तिने काकींच्या हातात दिली.