मले मॅडम म्हणणारा

"ओटीपी तुम्हीच दिला ना? मग चोरी कुठे झाली? तुम्ही दान केलं."

साहेब उभा राहून बोलला. बसून बोलला असता तं फक्त मले ऐकू आलं असतं. उभा राह्यला म्हणून सगळ्या रांगेले ऐकू आलं. पासबुक भरायले आलेला एक माणूस हासला. मंग आणखी दोघं-तिघं. मेसेज दाखवायले मी माझा मोबाईल साहेबाच्या हातात दिला होता. त्यानं तो वर धरला, शाळेत मास्तर एखाद्या पोराची घाण वही वर्गाले दाखवतो तसा.

"हे बघा. कोणालाही सांगू नका, असं बँकेनं स्वतः इंग्रजीत लिहून पाठवलंय. आणि बाईंनी चोराला वाचून दाखवलं. जंगलातून येतात, हातात मोबाईल असतो, अक्कल घरी ठेवतात."

रांगेत सुगंधा होती, आमच्या बाजूच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची. तिच्या दुसऱ्या बाळंतपणात मी अॅम्ब्युलन्समध्ये तिचा हात धरून बसली होती. ती हासली नाई. तिनं खाली पाह्यलं, आपल्या पायाकडं. हासणाऱ्यायपेक्षा तिचं ते खाली पाह्यणं मले जास्त लागलं.

साहेबानं परत विचारलं, दिला की नाही?

"हो सर," मी म्हणली.

दोनच शब्द. अजूनही भाकर थापता थापता आठवतात आणि हात थांबतो.

मी आशा आहो, गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई. गडचिरोली जिल्ह्यात, पक्का रस्ता संपल्यावर पुढं सात किलोमीटर आमचं गाव. आम्ही गोंड. बारावी शिकली, तेव्हा गावात बारावी झालेली मी एकटीच बाई होती, म्हणून हे काम मले भेटलं. तीन टोले माझ्याकडं. गरोदर बायांची नोंद, लेकरायचं लसीकरण, तापाचं रक्त काचेवर घ्यायचं, बाळंतपणाले दवाखान्यात घेऊन जायचं. सगळं पायी नाई तं सायकलनं. पावसाळ्यात नाल्याले पूर असला का सायकल इकडच्या काठावर ठेवायची आणि लुगडं खोचून पल्याड जायचं.

मले स्कुटी घ्यायची होती. सेकंडहँड. चामोर्शीच्या एका नर्सबाईची होती, लाल रंगाची, तिची बदली झाली होती. मार्कंड्याच्या जत्रेले गेली तेव्हा मी ती चालवून पाह्यली होती, मैदानात दोन चकरा. घरवाला हासत होता. नर्सबाई म्हणाली, तुह्यासाठी थांबतो, पण लवकर कर. कामाचा मोबदला, तेंदूच्या सीझनमध्ये पानं तोडली त्याची मजुरी, सगळं मी खात्यात राहू देत होती. घरातही कोणी मागितलं नाई. सगळ्यायले माहीत होतं, हे गाडीचं आहे.

फोन सोमवारी आला. दुपारी. मी उपकेंद्रातून परत येत होती. गावात टॉवर धरत नाई. रस्त्यात एका वळणावर, उतारावर, नेटवर्क येते. तिथी सगळे थांबतात. मीही थांबली. मोबाईल वाजला.

"नमस्कार मॅडम. मी बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतोय. आपण दोन मिनिटं बोलू शकता का?"

माझं पूर्ण नाव त्यानं घेतलं. कार्डावरचे शेवटचे चार आकडेही सांगतले. म्हणे, आत्ता या क्षणी दिल्लीत कोणीतरी आपल्या कार्डावर टीव्ही घेऊन राह्यला आहे, आपण घेता आहात का मॅडम? मी म्हणली, नाई हो, मी तं इथी रस्त्यावर उभी आहो. तो म्हणाला, घाबरू नका, आम्ही त्यासाठीच बसलो आहोत, मी थांबवतो. मागं ऑफिसचा आवाज येत होता. कीबोर्डचा, दुसऱ्या फोनचा. मधात एकदा तो कोणाले तरी म्हणाला, एक मिनिट सर, कस्टमर लाईनवर आहेत.

लोक मले विचारतात, एवढी शिकलेली तू, फसली काऊन? मी पहिले सांगत होती, घाबरली म्हणून. ते खरं नाई. घाबरली तं होतीच. पण खरं कारण सांगायले मले लाज वाटत होती. ते असं आहे का त्यानं मले मॅडम म्हणलं. आपण म्हणलं. मले बोलू दिलं. मी अडखळली तं थांबला. एवढ्या वर्षांत त्या बँकेत मले कोणी बस म्हणलं नव्हतं. 'ए बाई, तिकडं', 'आज नाही, उद्या', 'फॉर्म नीट भर', एवढंच ऐकलं. आणि इथी बँकेचा माणूस मले विचारून राह्यला होता, मॅडम, आपल्याला माझा आवाज नीट ऐकू येतोय ना?

मले वाटलं, मोठ्या शहरातली बँक अशी बोलत असन. मले बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो. मले बरं वाटलं.

तो म्हणाला, खरेदी रद्द करायले एक नंबर येईल, तो सांगा, लवकर मॅडम, वेळ फार कमी आहे. मेसेज आला. इंग्रजीत. त्यातले आकडे मले दिसले, ते मी सांगतले. परत एक आला. तोही सांगतला. तो म्हणाला, धन्यवाद मॅडम, आपण खूप छान सहकार्य केलं. फोन कटला. मी सायकलवर टांग टाकली तेवढ्यात खात्यातून पैसे गेल्याचे मेसेज आले. एकामागं एक. पूर्ण खातं साफ.

मी तो नंबर लावला. बंद. परत लावला. मंग त्या वळणावर, मातीत, सायकल तशीच पडू दिली आणि बसली. एक बकऱ्यावाला गेला. त्यानं विचारलं, काय झालं आशाताई? मी म्हणली, चक्कर आली.

मंगळवारी पहिल्या बसनं बँकेत गेली. काउंटरवरच्या पोरीनं कार्ड बंद करून दिलं. बाकी फ्रॉडचं साहेब पाहतात, म्हणाली, आणि साहेब गडचिरोलीले मीटिंगले गेले. ते येतीन म्हणून मी दिवसभर बाकावर बसून राह्यली. गुरुवारी गेली तं सर्व्हर डाऊन. साहेब होते, पण काचेच्या मागून त्यायनं हातानंच सांगतलं, नंतर. पोलीस स्टेशनले गेली तं म्हणे, बँकेचा कागद आणा पहिले. पुढच्या मंगळवारी तिसऱ्यांदा गेली, तेव्हा साहेबाले वेळ भेटला. तेव्हाच त्यानं माझा मोबाईल वर धरला. ते मी सांगतलंच.

सगळे हासून झाल्यावर त्यानं टाईप केलेला एक कागद माझ्यापुढं सरकवला. "इथे सही करा. लवकर. मागे लाईन आहे."

त्या 'लवकर'नं काहीतरी झालं. सोमवारी त्या माणसानंही मले असंच घाईत टाकलं होतं. लवकर मॅडम, वेळ कमी आहे. मी तेव्हा वाचलं नाई, विचारलं नाई, आकडे देऊन मोकळी झाली. आता हा म्हणत होता, लवकर. मी कागद उचलला आणि वाचायले लागली. मराठीत होता. सावकाश वाचला. साहेब पेन टेबलावर आपटत होता, टक टक.

त्यात दोन ओळी होत्या. एक, माझ्या निष्काळजीपणामुळे मी स्वतःहून गोपनीय माहिती दिली असून याबाबत बँकेची कोणतीही जबाबदारी नाही. दुसरी, सदर घटनेबाबत मी आज रोजी प्रथमच बँकेस कळवीत आहे. खाली त्या दिवसाची तारीख. आठव्या दिवसाची, म्हणजे उशीरही माझाच.

मी म्हणली, सर, मी तं दुसऱ्याच दिवशी आली होती.

तो म्हणाला, तसा काही रेकॉर्ड नाही.

"मंग माझं कार्ड मागच्या मंगळवारी कोणी बंद केलं?"

काउंटरवरच्या पोरीनं कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. मी पिशवीतून माझी डायरी काढली. आम्हाले रोजचं लिहावं लागते, कुठी गेली, कोणाले भेटली. मंगळवारी लिहिलं होतं, बँकेत गेली, साहेब नाई. गुरुवारी लिहिलं होतं, बँकेत गेली, सर्व्हर नाई. मी ती पानं उघडून त्याच्यापुढं ठेवली. रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकाच वेळी, म्हणून बोलणं नीट निघत नव्हतं.

"याच्यावर मी सही नाई करत. हे खोटं आहे."

"मग पुढे काही होणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

"मी माझ्या हातानं लिहितो. तुम्ही त्याच्यावर पोच द्या."

तो म्हणाला, अशी पोच देता येत नाही. मी म्हणली, येते, आमच्या दवाखान्यात येते, इथीही येत असन. तो म्हणाला, बाहेर जाऊन बसा. मी नाई गेली. त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर, उभ्या उभ्या, डायरीतली दोन पानं फाडून एकच अर्ज दोनदा लिहिला. सोमवारी काय झालं, मंगळवारी कोण काय म्हणलं, गुरुवारी कोणी हात दाखवला. मेसेज इंग्रजीत होता आणि मले इंग्रजी वाचून समजत नाई, हेही लिहिलं. तुमचे अर्धे खातेदार मराठीही अडखळत वाचतात, त्यायले तुम्ही इंग्रजीत सावध करता, हेही लिहिलं.

साहेबानं अर्ज हातात घेतला नाई. वॉचमनले बोलावलं, बाईंना बाहेर घ्या म्हणाला.

तेव्हा सुगंधा रांग सोडून पुढं आली. तिचा नंबर आला होता. तो सोडून आली. जोरात नाई बोलली. "मी मागच्या मंगळवारी इथीच होती साहेब. हिले पाह्यलं मी. बाकावर बसून होती दिवसभर. लिहून द्या म्हणाल तं मी अंगठा देतो."

वॉचमन आमच्याच भागातला होता. तो जागचा हालला नाई.

मी तिथीच उभी राह्यली. बँक बंद व्हायची वेळ झाली तेव्हा साहेबानं शिक्का उचलला आणि माझ्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर हाणला.

शिक्का भेटला म्हणून पैसे भेटले असं नाई. दीड महिन्यानं पत्र आलं, ग्राहकानं स्वतः माहिती दिल्यामुळं बँक जबाबदार नाही. पोलीस म्हणाले, तपास सुरू आहे. नर्सबाईनं किती थांबावं. तिनं स्कुटी दुसऱ्याले देऊन टाकली. मी सायकलवरच आहो.

घरवाला म्हणाला, "जाऊ दे. गेलं तं गेलं. पण कोणाले सांगत नोको बसू. लोक म्हणतीन, आशाताईच फसली तं बाकीच्यायचं काय." मी महिनाभर नाई सांगतलं. टोल्यावर जायची, लेकरायचं वजन करायची, घरी यायची. माझ्या तोंडाले जसं कोणी टाचण लावलं होतं. चोराचं नाव कोणाले माहीत नाई, साहेबाले लाज नाई, आणि तोंड लपवत फिरत होती मी.

मंग बायांच्या मीटिंगमध्ये एक दिवस बोलून टाकलं. सगळं. त्यानं मॅडम म्हणलं तं बरं वाटलं होतं, तेही. कोणी हासलं नाई. एक म्हातारी म्हणाली, माह्या नातवालेही असाच फोन आला होता, तो अजून सांगत नाई कितीले गेला. आणि संध्याकाळी आमच्या शाळेचे गुरुजी घरी आले. बी.एड. झालेले, वरोऱ्याकडचे. पाणी पेले, इकडचं तिकडचं बोलले, आणि जाता जाता उंबऱ्यात म्हणाले का त्यायचं क्रेडिट कार्ड असंच साफ झालं होतं, दोन वर्षं झाली. इंग्रजी वाचता येते त्यायले. कोणालेच सांगतलं नव्हतं, बायकोलेही नाई.

म्हणजे जंगलातून येते म्हणून अक्कल नाई, असं नव्हतं. गुरुजीले कोणी रांगेसमोर उभं केलं नाई एवढंच.

चोरानं माझे पैसे नेले. त्याच्यावर माझा राग आहे, आणि तो सापडला तं मी कोर्टात उभी राहून त्याचा आवाज ओळखीन. पण तो आत घुसला कुठून, हे मले समजलं आहे. माणसाले माणसासारखं बोलण्याची जागा बँकेनं रिकामी ठेवली होती. तो त्याच जागेत येऊन बसला.

वरच्या ऑफिसले मी दुसरा अर्ज पाठवला आहे. त्याचं उत्तर नाई आलं तं तिसरा पाठवीन. टोल्यावर लसीकरण झालं का मी बायायले बसवून सांगतो, फोनवर कोणी कितीही गोड बोलला तरी नंबर सांगायचा नाई. आणि फसलीच तं लपायचं नाई, त्याच दिवशी मले सांगायचं, मी संगं येतो. दोघीसंगं गेली आतापर्यंत. मागच्या वेळी साहेब म्हणाला, तुमचं काय काम इथे? मी म्हणली, मी खातेदार आहो. आणि खुर्ची ओढून बसली. आधी माझ्यासंगं आलेल्या म्हातारीले बसवलं, मंग मी बसली.

पुढच्या वेळीही बसीन. आणि त्या शाखेत कोणी माझ्या माणसाले रांगेसमोर हासलं, तं मी मधात बोलीन. मले कोणी विचारलं नसलं तरी.