लाल ठिपक्यापर्यंत

फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणातल्या दोरीवरचे कपडे भराभर काढत होते, बर्मिंगहॅमचं आभाळ पुन्हा दाटून आलं होतं. मीराचा आवाज होता, बेसिंगस्टोकहून. "सविताताई, आई गेला... झोपेत." मीराचा जन्म इथलाच, तिचं मराठी असंच. एरवी शैलामावशींनीच लेकीला तिथल्या तिथे दटावलं असतं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "आईची एक विश होती. फ्युनरलला तिची गाडी यायला पाहिजे. आणि तूच ड्राइव्ह करायचं." मी हो म्हटलं आणि कपड्यांची टोपली घेऊन ओल्या गवतावरच बसले. लायसन मिळून फार दिवस झाले नव्हते, आणि मोटरवेवर मी एकटी कधी गेलेच नव्हते.

शैलामावशी आमच्या शेजारच्या. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेल्या, केस बॉबकट, बोलणं तोफेसारखं. मी जयसिंगपूरची, शाळा नववीत सुटलेली. माझा नवरा प्रकाश इथे एका रेस्टॉरंटमध्ये शेफ, त्याच्यामागून आले. आल्यावर मला सगळ्याचीच भीती वाटायची. बसच्या ड्रायव्हरने काही विचारलं की भीती, दुकानातलं मशीन "प्लीज वेट" म्हणालं की भीती. मी हॉटेलात चादरी बदलायचे. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करायची एक नोकरी मला मिळत होती, मनापासून हवीही होती, पण अट एकच... गाडी चालवता आली पाहिजे. पहिल्या टेस्टला राउंडअबाउटवर गाडी बंद पाडून मी नापास झाले. अंगणात रडत होते, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "झालं का रडून? मग इकडे ये. इंजिन बसवायचंय."

गाडी नानांची, म्हणजे मावशींच्या यजमानांची. हिरवी, दोन दरवाज्यांची, मावशींच्या लग्नाइतकीच जुनी. नाना गेले आणि पाठोपाठ गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिनही जाम झालं. मावशींनी भंगारवाल्याकडून तशाच जुन्या काळातलं चार सिलिंडरचं इंजिन शोधून आणलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा बॅरी इंजिन उचलायची साखळदंडाची घोडी घेऊन आला, इंजिन खाली उतरलं, आणि पहिल्यांदा ते धडधडलं तेव्हा मावशींनी ड्राइव्हवेतच गणपतीच्या आरतीसारख्या टाळ्या वाजवल्या! मी पण नाचले. हातभर काळं ग्रीस, आणि मी नाचतेय... जयसिंगपुरात कुणी पाहिलं असतं तर!

फक्त एक गोष्ट चालेना. टॅकोमीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय ते दाखवणारी डॅशबोर्डावरची गोल तबकडी. काटा मेल्यासारखा पडून. बॅरी म्हणाला, "बिन इट, लव्ह. गेट अ डिजिटल वन." कचऱ्यात टाक म्हणे. मावशी म्हणाल्या, "बिन युअरसेल्फ, बॅरी." ती तबकडी नानांनी स्वतः उघडून, साफ करून बसवली होती. तिच्या काचेवर रोज बोट आपटून ते म्हणायचे, हिचं ऐका.

मग आमची शोधाशोध सुरू झाली, आणि खरं सांगते, आयुष्यात एवढी मजा मला कधी आली नव्हती. मी डॅशबोर्डाखाली उताणी, तोंडात टॉर्च, वरून मावशी ओरडतायत, "पांढरी वायर कुठे जाते बघ!" ती कुठेच जात नव्हती. इंजिन बदलताना इग्निशन कॉइलवरून सुटून ती लोंबकळत होती. जोडली, तर काटा जिवंत झाला, पण वेड्यासारखा नाचायला लागला. मग अर्थिंगच्या वायरखालचा रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, स्क्रू आवळला. काटा शांत! आम्ही दोघींनी बॉनेटवर चहाचे मग आपटून चिअर्स केलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. मावशींनी काटा बघून गाडी नुसती उभी असतानाचा इंजिनाचा वेग ठरवला. नानांच्या वेळी काटा साडेआठशेवर असायचा, म्हणून तो साडेआठशेवर येईपर्यंत त्या स्क्रू पिळत राहिल्या. मी एल-प्लेट लावून बसले, क्लच जरा सोडला, तर गाडीने उडी मारली ती थेट कौन्सिलच्या हिरव्या बिनवर. रस्त्यावर गेलो तर वेगळंच. "काटा अडीच हजारावर आला की गिअर बदल," मावशी सांगायच्या. काटा अडीचवर जाईपर्यंत इंजिन किंचाळायला लागायचं आणि मी पाय काढून घ्यायचे.

"मावशी, गाडी ओरडतेय."

"काटा बघ, काटा! कानाने गाडी चालवतात का?"

मला वाटायचं, माझंच चुकतंय. मला नेहमीच तसं वाटतं. वर्गात फळ्यावरचं गणित बाईंनी चुकीचं लिहिलं तरी मी माझंच उत्तर खोडायचे. टेस्ट परत जवळ येत होती. मी प्रकाशला सांगून टाकलं होतं, मला नाही जमायचं, चादरीच बऱ्या.

तरी एका दुपारी हिंमत करून म्हटलं, "मावशी, बॅरीकडे ते उजेडाचं मीटर आहे ना... एकदा लावून बघूया?" इंजिनाच्या पुलीला चमकती पट्टी चिकटवायची आणि समोरून मीटरचा उजेड मारायचा, की ते खरे फेरे सांगतं. मावशी घुश्शातच गाडीत बसल्या. मी मीटर धरलं.

"माझा काटा हजार," त्या ओरडल्या.

"इथे पंधराशे!"

"काय? थांब... दोन हजार!"

"तीन हजार!"

मावशी इंजिन बंद करून बाहेर आल्या. डोळे असे चमकत होते! त्या इथल्या मराठी मंडळाच्या भजनात ढोलकी वाजवायच्या. त्यांनी बॉनेटवर बोटांनी ठेका धरला, "धा धी ना, धा ती ना... अगं, हा काटा दादरा मोजतोय! सहा सिलिंडरवाला आहे ना तो. सहा ठिणग्या पडल्या की त्याचे दोन फेरे होतात. आणि आपलं नवीन इंजिन दोन फेऱ्यांत चारच ठिणग्या देतंय. तीन फेरे झाले की हा दोनच मोजतो!" मग एकदम माझ्या दोन्ही खांद्यांना धरून म्हणाल्या, "सविता, तू नाही चुकत होतीस. काटा चुकत होता. कान बरोबर होता तुझा!"

हे वाक्य मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं... मी ते मनात अजून वाजवून बघते.

काट्याला चारचा हिशेब शिकवायला तबकडी उघडून आतला एक बारीक रेझिस्टर बदलायचा होता. मावशींचा हात तेव्हा कापायला लागला होता, आजार सुरू झाला होता हे आम्हाला माहीत नव्हतं. सोल्डरिंग आयर्न त्यांनी माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, नानांचा काटा आहे, बिघडला तर? "बिघडला तर बॅरी आहेच बिन घेऊन," त्या म्हणाल्या. नाही बिघडला! आतला छोटा स्क्रू फिरवत फिरवत मीटर आणि काटा दोन्ही तीन हजारावर आणले, इंजिनाचा वेग उतरवला, तशी गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. मावशींनी आतून लाल नेलपॉलिश आणली आणि काचेवर तीन हजारापाशी ठिपका दिला. "या ठिपक्यापर्यंत घाबरायचं नाही. त्याच्या पुढे गेलीस तर मीच घाबरेन." पुढची टेस्ट मी पास झाले. ती नोकरीही मिळाली. मग मावशींचा आजार वाढला, मीरा त्यांना बेसिंगस्टोकला आपल्या घरी घेऊन गेली आणि गाडी इथेच राहिली.

फ्युनरलच्या सकाळी मी मोटरवेला जोडणाऱ्या स्लिपरोडवर होते. उजवीकडे लॉऱ्याच लॉऱ्या. मी बोटाने काच वाजवली आणि मोठ्याने म्हटलं, "चला मावशी." पाय दाबला. काटा चढला, ठिपक्यापाशी आला, तिथेच डुलत राहिला, आणि मी लॉऱ्यांच्या मधे सुळकन शिरले! ओरडलेच मी, आनंदाने. बेसिंगस्टोकपर्यंत कधी रडत होते, कधी हसत होते, पण हात स्टिअरिंगवर घट्ट होते. दारात मीरा उभी होती. गाडीला हात लावून म्हणाली, "आई बरोबर बोलला होता, तू आणशील." आणि परत निघताना किल्ली माझ्या हातात ठेवून, "ठेव तुझ्याकडेच. मला गिअरवाली चालवता येत नाही, ताई."

आता रोज सकाळी मी त्याच गाडीने माझ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाते. नेलपॉलिश एका कडेने निघायला लागलीये, त्याच रंगाची बाटली आणून ठेवलीये. बसल्यावर आधी काच वाजवते. मला अजूनही पुष्कळ गोष्टींची भीती वाटते, बर्फाची, नव्या पत्त्याची, फोनवरच्या इंग्रजीची. पण काटा वर चढतो, मी कान देते... आणि त्या ठिपक्यापर्यंत नाही घाबरत.