हातांवर बसायची खोली

आई माझ्याकडे राहायला आली की स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसते आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालते. मी कांदा चिरत असते. माझा डावा हात जन्मापासून मुठीतच असतो, तेव्हा कांदा त्या मुठीखाली दाबायचा आणि उजव्या हाताने सुरी चालवायची, अशी माझी पद्धत. वेळ लागतो. मागे शेजारीण आली होती, तिने आईला असं बसलेलं बघून विचारलं, "काकू, थंडी वाजते का हो?" मे महिन्यात, मरोळला. आई म्हणाली, "नाय गो, सवय असा माझी."

ती सवय कुठून लागली, ते सांगते.

मी लहानपणी ज्या शाळेत जायचे, ती आमच्यासारख्या मुलांची शाळा होती, गोरेगावला. कुणाचे पाय चालत नसत, कुणाचं बोलणं समजत नसे, माझा हात असा. शाळेची बस आरेतून जायची. तबेल्यांचा वास आला की आम्ही सगळे नाकं दाबायचो, आणि ज्यांना दाबता येत नसत त्यांची शेजारच्याने दाबायची, हा नियम. लोकांना वाटतं, अशा शाळेत सगळं दुःखी दुःखी असणार. कसलं काय. आम्ही इतका दंगा करायचो की ड्रायव्हरकाका झाडाखाली बस उभी करून दम द्यायचे. "बिचारी मुलं" असं कुणी म्हटलं की मला अजून राग येतो, तो त्या बसमुळे.

माझी आवडती खोली तळमजल्यावर अगदी शेवटची. थेरपीची. तिथे भलामोठा लाल चेंडू होता, भिंतभर आरसा होता आणि मुगाने भरलेलं एक घमेलं होतं. मुगात गोट्या लपवलेल्या असायच्या. डावी मूठ त्यात घालायची, हळूहळू उघडायची आणि गोट्या शोधायच्या. मुगाचा तो गारवा मला आजही बोटांना आठवतो. पडद्यापलीकडे बोलण्याचे धडे चालायचे, तिथली मुलं फुंकर मारायला शिकताना साबणाचे फुगे करायची. ते फुगे उडत आमच्याकडे यायचे आणि आमचा व्यायाम राहायचा बाजूला.

आमच्या हातांचे व्यायाम घेणाऱ्या ताई आवाजाने मऊ होत्या, पण नियमाला पक्क्या. ठरलेल्या दिवशी सगळ्या आयांनी यायचं, भिंतीलगतच्या बाकावर बसायचं आणि स्वतःच्या हातांवर बसायचं. म्हणजे खरंच. "तुमचे हात शिवशिवणार, मला माहितीये," ताई म्हणायच्या. "म्हणून त्यांच्यावर बसा. मूल चिडलं तरी, डबा सांडला तरी. तुम्ही केलंत की ते करणार नाही."

आमच्या आईला हे सगळ्यात जड गेलं. दुसऱ्याच्या पोराचं नाक वाहताना दिसलं तरी हिचा पदर पुढे. घरी तर माझा घास, माझी वेणी, माझी चप्पल, सगळं तीच करायची. बाकावरून तिचा हात अलगद बाहेर निघायचा, आणि ताई मागे न वळता म्हणायच्या, "आई, हात." आरशात त्यांना सगळं दिसायचं. आई पुटपुटत हात परत खाली घ्यायची.

आणि मला तर शाळा सोडायची होती. ही आवडत नव्हती म्हणून नाही हो. आमच्या चाळीतली सगळी पोरं चाळीमागच्या शाळेत जायची, संध्याकाळी एकमेकांच्या मास्तरांच्या नकला करायची, आणि मी मध्ये बसून नुसती हसायचे, कळलं नाही तरी. मला त्या शाळेत जायचंच होतं. आई मला घेऊन तिथल्या मोठ्या बाईंना भेटली. त्या वाईट नव्हत्या, स्पष्ट होत्या. "मुलगी हुशार आहे, दिसतंय. पण आमच्याकडे मावशी एक, मुलं ढीगभर. पी.टी.च्या दिवशी मुलं शर्ट बदलतात. हिला कोण घालणार? स्वतःचं स्वतः करायला लागली की आणा, मी बघेन आणि घेईन."

झालं. बटणांवर माझं सगळं भवितव्य येऊन ठेपलं.

ताईंकडे बटणांची फळी होती. फळीवर कापड ठोकलेलं, त्याला काजं आणि मोठी बटणं. ती टेबलावर ठेवून मी दिवसेंदिवस झगडले. डाव्या मुठीने कापड दाबायचं, उजव्या हाताने बटण सरकवायचं. एक दिवस वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लागली. आई बाकावरून उठलीच. "शिकलां गो माझां चेडू," म्हणत तिने सगळ्या आयांना मिठ्या मारल्या, येताना पेढे घेतले आणि चाळभर वाटले. अर्ध्या हळकुंडाने पिवळी, दुसरं काय.

रात्री मी स्वतःचा शर्ट घातला आणि एक बटण लागेना. एकही. बाबा समोर उभे राहिले तर त्यांच्या शर्टाची लागायची. फळी माझ्यासमोर असायची ना, म्हणजे मी इतके दिवस समोरच्या माणसाची बटणं शिकले होते. स्वतःच्या अंगावर सगळं उलटं. मी शर्ट फेकून दिला आणि रडले. आईने पेढ्यांचा रिकामा पुडा घडी करून ठेवला. सकाळी बाबा मात्र माझ्याकडून बटणं लावून घेऊनच कुरिअरच्या ऑफिसात कामाला गेले.

ताईंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून हसत सुटल्या. "अगं, चूक माझी. वाट लागली आपली." आणि त्यांनी ओढणीने ती फळी माझ्या पोटाला बांधली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आई घरीही हातांवर बसू लागली. चटईवर, पायरीवर, जिथे मी शर्ट घेऊन बसेन तिथे. दूध उतू गेलं तरी बसून.

शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांच्या ऑफिसात वेताच्या खुर्च्या होत्या. त्यांनी पी.टी.चा शर्ट पुढे ठेवला. "घाल बघू, बाळ." मी तो फ्रॉकवरून चढवला. पहिलं बटण लागलं, दुसरं लागलं. तिसऱ्याचं काज नवं होतं, घट्ट. बटण अर्धं जायचं आणि निसटायचं. बाहेर शिपाई बाक सरकवत होता. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. पंख्याचा आवाज तेवढा चालू होता.

मोठ्या बाईंना बघवेना. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझ्या शर्टाकडे हात नेला. "राहू दे गं, मी लावते."

"बाई," आई म्हणाली, "हातार बसा."

"काय?"

"तुमचे हात. तेंच्यार बसा. माका पण जमणा नाय, तरी बसलंय."

मोठ्या बाईंनी आईकडे नीट पाहिलं. मग त्या आमच्याच बाजूच्या खुर्चीत बसल्या आणि खरंच हात मांडीखाली घेतले. दोन मोठ्या बायका हातांवर बसलेल्या आणि मध्ये मी. मला हसू आलं. हसताना मूठ सैल पडली, कापड नीट धरलं गेलं आणि बटण आत गेलं. बाकीची बटणं वेळ घेत लागली, पण लागली.

"सोमवारपासून पाठवा," त्या म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर मला कळलं, की आता ती बस नाही. आरेचा वास नाही, मुगाचं घमेलं नाही, ताई नाहीत. मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि मी हुंदके देत होते. डोळे पुसायला आईने हात पुढे केला, तर तिच्या तळहातावर वेताची जाळी उमटलेली, लालभडक. दुसऱ्यावरही तशीच. किती जोराने दाबून बसली होती देव जाणे.

मला तो हात माझ्या डाव्या हातात धरायचा होता. मूठ उघडायला वेळ लागला. आई तळहात तसाच पुढे धरून थांबली.