शनिवारचा सराव आणि ठेंगणे सर

हा लेख फार उशिरा पोचतो आहे, त्याबद्दल संपादक मंडळाने क्षमा करावी. माझं शिक्षण सातवीपर्यंत. चार वेळा लिहिलं, चारही वेळा वाटलं की यातलं काहीतरी चुकलं असेल, आणि कागद फाडले. सरांच्या साठीचा गौरवग्रंथ छापायला गेला असला तरी निदान हे वाचून तरी पाहा.

ठेंगणे सरांची नि माझी ओळख वणीजवळच्या एका वजनकाट्यावर झाली. मी तिथे कोळशाच्या ट्रकांची वजनं घेत असे. सर काट्याचा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीत प्रमुख होते. दोन दिवस ते माझ्याजवळ स्टुलावर बसून राहिले. जाताना म्हणाले, "बाबाराव, शनिवारी आमच्या सरावाले या. तुम्हाले जे मालूम आहे ते आमच्या पोट्ट्यायले मालूम नाही."

कंपनीच्या हॉलमध्ये प्रोग्राम लिहिण्याचा हा सराव असा असे. भिंतीवर एक पडदा, सगळ्यांत मिळून एकच कीबोर्ड. सर एक छोटं गणित देत. आधी त्याची चाचणी लिहायची, म्हणजे उत्तर बरोबर येतं का ते तपासणाऱ्या चार ओळी, आणि मग ते सोडवणारा प्रोग्राम. ती नापास झाली की पडद्यावर लाल, पास झाली की हिरवं. लाल असेपर्यंत बघणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही, कितीही चूक दिसली तरी. पाच मिनिटांनी कीबोर्ड पुढच्याकडे. आणि शेवटी लिहिलेलं सगळं पुसायचं. "हात तयार झाला ना? मंग ते ठेवून काय करता?" असं सर म्हणत.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "सर, मले येत नाही."

"येते त्यायच्या पाळ्या झाल्या. आता न येणाऱ्याची."

मागून एक जण म्हणाला, "काका, कीबोर्डवर ट्रक नका चढवू." सरांनी त्यालाच माझ्या शेजारी टाइप करायला बसवलं. मी म्हटलं, "तुम्ही पहिल्या वजनातून दुसरं वजा करता. पण माल न्यायले येणारा ट्रक आधी रिकामाच येते, मंग वजन उणं निघते." एका खोट्या ट्रकचा नंबर घालून तशी चाचणी लिहिली आणि पडदा लाल झाला. खोलीत सगळे इंजिनिअर, तरी बराच वेळ लालच. मग हिरवं झालं.

ते पुसायचं काम माझं होतं. माझ्याने पुसवलं नाही. आयुष्यात असं काही पहिल्यांदाच जमलं होतं. माझ्या शेजारी टाइप करणाऱ्याने ते पाहिलं आणि सरांना न विचारता खऱ्या प्रोग्राममध्ये घातलं. सोमवारी काट्यावरच्या प्रत्येक पावतीवर सरावातल्या खोट्या ट्रकचाच नंबर छापून येऊ लागला. ट्रकांची रांग चंद्रपूर रस्त्यापर्यंत गेली. कंपनीच्या मालकांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "कोणाचं काम आहे हे?"

सर म्हणाले, "सराव माझा, चूक माझी."

मी गप्प राहिलो. तोही.

मालकांनी सरांचं प्रमुखपद काढलं आणि हॉलला कुलूप घातलं. सरांनी आम्हा दोघांना एका शब्दानेही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी घरच्या पुढच्या खोलीत पडदा टांगला.

तो शेजारचा आज पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. नाव लिहीत नाही, या ग्रंथात त्याचाही लेख असेल. तुम्ही सरावातले सगळेच सरांना गुरू म्हणता, साठीची शाल देणार आहात. पण नोकऱ्यांसाठी पुण्याला गेल्यापासून एकाही शनिवारी तुमच्यातलं कोणी त्या खोलीत आलं नाही. खुर्च्या मी मांडतो, म्हणून मला माहीत आहे. वाईट वाटलं तर वाटू द्या.

सध्या राजूरहून कॉलेजच्या चार मुली येतात. सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टरांनी दोन महिने पडद्याकडे पाहायचं नाही म्हणून बजावलंय. मी विचारलं, "सर, पोरीयले काय सांगू?"

"चालूच ठेवा."

"चालवन कोण?"

सर उठून पडदा गुंडाळू लागले. एकीचे वडील आताच कुरकुरतात, "लिहून पुसतच असान, तर जाता कायले?" खोली दोन महिने बंद राहिली तर त्या मुलींना घरचे पुन्हा पाठवणार नाहीत. मला चाचणी लिहिता येत नाही. यायला हवी होती.

सरांचे डोळे नीट व्हावेत, त्यांनी अजून पुष्कळ वर्षं धडधाकट राहावं, एवढंच मागणं आहे. बाकी तुमच्या हातात आहे. एकेकाने एकेक शनिवार वाटून घेतला तरी दोन महिने निघतील. पहिल्या शनिवारी कोण येणार ते लवकर कळवा. कोणीच येणार नसेल तर तेही कळवा, म्हणजे त्या मुली रिक्षात बसायच्या आधी मला त्यांना सांगता येईल.