जाधवबाईंचा जिताडा

पाळायला मासे घ्यायला आलेलं माणूस रंग बघतं, शेपटी बघतं. जाधवबाईंनी अलिबागच्या त्या दुकानात काउंटरवर पिशवी ठेवली आणि विचारलं, "ह्यातला सगळ्यात त्रासदायक मासा कोणता?"

दुकानदाराला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. "आजी, त्रासाचं काही नाहीच आपल्याकडे. हे गप्पी घ्या. चिमूटभर खाणं टाकलं की झालं."

"आणि नाही टाकलं तर?"

"दोन-चार दिवस काही होत नाही त्यांना."

बाईंचा चेहरा पडला. मग त्याने निळा-जांभळा फायटर दाखवला. हा एकटाच राहतो, छोट्याशा बाउलमध्येही राहतो, बाउल उचलून कुठेही न्या, असं त्याचं कौतुक केलं. "नको, नको!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं. शेवटी तो बापडा सांगू लागला की हल्ली आपोआप खाणं टाकणारं यंत्रसुद्धा मिळतं, पंधरा दिवस गावाला गेलात तरी चिंता नाही. बाईंनी पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, "चल सुनंदा. इथले सगळे मासे फारच समजूतदार आहेत."

दुकानदाराला काय ठाऊक! बाईंना मासा नको होता, बाईंना अडचण हवी होती. बाई शाळेतून निवृत्त झाल्या, दोन वर्षांनी त्यांचे यजमान जाधवसर गेले आणि खारघरला राहणाऱ्या भास्करने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, आईला घेऊन जायचं मनावर घेतलं. मुलगा सोन्यासारखा, सूनही चांगली, फ्लॅटमध्ये आईसाठी खोली रंगवून तयार. बाईंना मात्र गाव सोडायचं नव्हतं. वाडीतली चार सुपारीची झाडं, सकाळची बुद्धवंदना झाली की खाडीच्या बांधावरची फेरी, रस्त्यात भेटणारे आजी-माजी विद्यार्थी आणि त्यांचे कान. हे सगळं टाकून सातव्या मजल्यावर कशाला जाऊन बसायचं?

मग सरळ नाही म्हणायचं ना! तर तिथेच घोडं अडत होतं. मी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांच्या हाताखाली बारा वर्षं शिकवलं, शिवाय भिंतीला भिंत लागून शेजार. तपासणीला आलेल्या साहेबाला "वजाबाकी संपेपर्यंत दारात उभे राहा" असं सांगणारी ही बाई मी पाहिली आहे. साहेब उभेही राहिले होते. पण भास्करसमोर नुसती चालढकल. "बघू", "पाऊस सरू दे", "सुपारी उतरू दे". मी एकदा चिडून बोलले तर म्हणाल्या, "नुसतं नाही म्हटलं तर समोरचा कारण स्वतःच बनवतो, सुनंदा. त्याला वाटेल, आईला माझ्या घरी सुख नाही वाटत. त्यापेक्षा आपणच कारण द्यावं."

त्यात भास्करने तीन फुटी काचेची टाकी आणून दिली, आत चार गोल्डफिश. तोवर तुला सोबत, म्हणाला, आणि येशील तेव्हा यांनाही पिशवीत घालून आणू. बाई चारही माशांकडे गुन्हेगारांकडे बघावं तशा बघत बसल्या. पिशवीत मावणारी सोबत त्यांच्या काय कामाची? म्हणून तर आम्ही दुकानात गेलो होतो.

अडचण शेवटी गावातच मिळाली. खाडीच्या बांधाला जिथे पाण्याच्या झडपा आहेत, त्या उघाडीपाशी हिराबाई सकाळी मासळी घेऊन बसते. तिच्या टोपात एक बोटभर पिल्लू एकटंच फिरत होतं. आमच्याकडे जिताड्याचं पिल्लू असं मिळालं की लोक घरामागच्या तळ्यात सोडतात, वाढवतात आणि मोठा पाहुणा आला की कालवणासाठी बाहेर काढतात. बाईंनी बरणी पुढे केली.

"टाकीत ठेवणार?" हिराबाईने कपाळावर हात मारला. "बाय, यो जिताडा हाय, जिताडा! तुझ्या रंगीत माशांसंगती टाकशील तं दोन महिन्यांत एक बी ऱ्हाणार नाय."

"हं. आणि खातो काय?"

"जित्ती कोलंबी. मेलेल्याला तोंड नाय लावायचा. रोज आनशील?"

"रोज आणीन," बाई म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे दहा वर्षांनी तरुण दिसल्या.

पिल्लू वाढलं तसे गोल्डफिश एकेक करून कमी झाले. बाई खोटं कधी बोलत नसत; फोनवरचा हा संवाद मी स्वतः ऐकला आहे. "अरे, ते चौघे गेले." पलीकडून भास्करने कुठे गेले म्हणून विचारलं असावं. "पाचव्याच्या पोटात," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून दीड वर्ष बाईंनी त्या माशाच्या जोरावर काढलं. रोज सकाळी बरणी घेऊन उघाडीवर. सर्दी-खोकला झाला की बरणी माझ्या हातात. भास्कर म्हणायचा, आई, इथे फ्रोझन कोळंबी मिळते. बाई अभिमानाने सांगायच्या, "तो मेलेलं खात नाही." जणू काही त्याला ते वळण त्यांनीच लावलं होतं. मी म्हटलं, एवढं करता तर नाव तरी ठेवा. "नाव ठेवलं की हजेरीपटावर घ्यावं लागतं. मग दाखला देताना जीव तुटतो."

एका गोष्टीचा मात्र त्यांनी विचार केला नव्हता. मासा वाढत होता. वीतभराचा हातभर झाला. वळायला लागला की शेपटीने टाकीतलं पाणी जमिनीवर यायचं. येणारा-जाणारा काचेपाशी वाकून "कालवणाला झाला हो बाई!" असं सांगून जायचा. आणि एके दिवशी भास्करचा फोन आला. पनवेलजवळ एका ओळखीच्या माणसाचं तळं आहे, तो मासा ठेवायला तयार आहे, रोज जिवंत कोळंबीही घालील. रविवारी टेम्पो घेऊन येतो, सामान बांधून ठेव.

त्या आठवड्यात बाईंनी टाकीची काच तीनदा पुसली आणि एकही वस्तू बांधली नाही.

रविवारी टेम्पोवाला बाहेर थांबला आणि भास्कर आत आला. मी चहा ठेवत होते. बाई टाकीजवळ उभ्या होत्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भास्कर, मला यायचं नाही."

एवढंच. कारण नाही, सबब नाही.

भास्कर खुर्चीत बसला. "माहितीये," तो म्हणाला. "मीही ह्याच गावात वाढलोय, आई. गोल्डफिशबरोबर जिताडा चुकून टाकतं का कुणी?"

"मग तळं कशाला शोधलंस?"

"तू एकदा तरी तोंडाने सांगशील म्हणून. परक्याला सांगावं तशी दीड वर्ष मला कोळंबीच्या गोष्टी सांगतेस."

बाईंच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, सर गेले तेव्हा. भास्कर उठला, बाहेर गेला, टेम्पोवाल्याला परत पाठवलं आणि बराच वेळ सुपारीच्या झाडाखाली पाठ करून उभा राहिला. मग दारात येऊन विचारलं, "जेवायला काय आहे?"

बाईंनी डोळे पुसले, टॉवेल घेतला, पदर खोचला आणि टाकीत हात घातला. मी ओरडलेच, "बाई, पाळलेला आहे हो!"

"पाळलेलाच आहे. आपल्याकडे कशासाठी पाळतात?"

"पाहुण्यासाठी," भास्कर म्हणाला. "म्हणजे मी पाहुणा?"

"घरचा असतास तर बोंबील केले असते," बाई म्हणाल्या, आणि मायलेक दोघेही असे हसले की मासा टॉवेलमधून दोनदा निसटला. दुपारी कालवणातलं डोकं भास्करच्या ताटात गेलं. मी वरणभातावर भागवलं. बाईंनी मात्र दोनदा वाढून घेतलं आणि कोळंबीवर वाढलेल्या माशाची चवच वेगळी, असा निर्वाळा दिला.

त्यानंतर चार वर्षं बाई त्याच घरात राहिल्या. टाकीत त्यांनी दुसरा मासा ठेवला नाही, सुपारी वाळवून त्यात भरून ठेवायच्या. भास्कर महिन्यातून दोनदा यायचा आणि त्याला बोंबील मिळायचे.

त्या गेल्या, तो फोन मीच केला. दुपारची वेळ होती. भास्करने सगळं ऐकून घेतलं. कसं झालं, कधी झालं, काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "ताई, घरीच ना?"

"घरीच," मी म्हटलं. "स्वतःच्या पलंगावर."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि मग त्याला रडू फुटलं.