हवाबंद लंगोट

माझ्या घराला वास येतो, हा शोध माझ्या सासऱ्यांनी लावला. आम्ही नवराबायको त्या वासातच राहत असल्यामुळे आम्हाला तो दिसेनासा झाला होता. (वास दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. मी विज्ञानाचा शिक्षक होतो.)

संस्थानं विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. मी देवासला हायस्कुलात शिकवत होतो आणि भाड्याच्या दोन खोल्या, पुढे एक अंगण, एवढ्यात आमचा संसार मावत होता. संसार म्हणजे मी, माझी बायको कमल आणि आमचा शरद. शरद तेव्हा नुकता पालथा पडायला लागला होता. पालथं पडणं आणि लंगोट भिजवणं, एवढे दोनच उद्योग त्याला होते आणि दोन्ही तो मन लावून करी.

कमलचे वडील नाना हे धार संस्थानात कमाविसदार होते, म्हणजे एका अख्ख्या तालुक्याचा कारभार बघत. संस्थान गेलं, कारभार गेला, पण पगडी आणि तपासणीची सवय राहिली. नातवाला बघायला आले तेव्हा ते दारातच थांबले. नाकानं एकदा उजवीकडची हवा घेतली, एकदा डावीकडची घेतली, आणि म्हणाले, "जावईबापू, इथे कसला तरी वास येतो."

कसला ते सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे विहिरीचं पाणी सकाळी मिळायचं आणि तेवढ्यावर दिवस काढायचा असे. प्रत्येक लंगोट लगेच धुवायला कमलनं पाणी आणावं कुठून? तेव्हा दिवसभराचे लंगोट मोरीजवळ साठत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुतले जात. उन्हाळा चढत होता. त्याच्याबरोबर वासही चढत होता. जाताना नानांनी शांतपणे निकाल दिला. पुढच्या खेपेला ते कमलला आणि बाळाला धारला घेऊन जाणार होते, थेट पाऊस पडेपर्यंत. तिथे मोठं घर होतं, आडाला पाणी होतं, धुणं करायला बाई होती.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. एक तर मला स्वयंपाक येत नाही. दुसरं म्हणजे, हे सांगायला संकोच वाटतो, पण शाळेतून आल्यावर शरद माझ्याकडे बघून तोंड उघडं टाकून हसे. सबंध शाळेत मला बघून असं कुणी हसत नसे; हसत असतील तर पाठीमागे. तो पावसाळ्यापर्यंत दिसणार नाही, या विचारानं मी घरभर येरझारा घालायचो आणि प्रत्येक फेरीत कोपरान्‌कोपरा हुंगायचो. कमल म्हणाली की वास बाळाचा परवडला, पण तुमचं हुंगणं थांबवा.

मग मी शास्त्रीय पद्धतीनं विचार केला. लंगोट साठवायचेच असतील तर ते झाकणाच्या भांड्यात साठवले पाहिजेत. आधी कुंभाराकडून मोठा माठ आणला. माठ पाझरतो, हे आणल्यावर आठवलं. तो आतलं पाणी गार करी आणि आतला वास खोलीला वाटून टाकी. मग घासलेटचा रिकामा डबा आणला. त्याच्या गंजाचे डाग लंगोटांवर पडले आणि बाळाला कंदिलासारखा वास यायला लागला. कमल दिवे लावताना त्याला लांब ठेवायला लागली.

शेवटी मी इंदूरला जुन्या बाजारात गेलो. लढाई संपल्यावर महूच्या छावणीतला बराच माल तिथे विकायला आला होता. त्यात मला ते दिसलं: हिरव्या रंगाचं, जाड पत्र्याचं, कमरेएवढं पिंप. झाकणाच्या आत रबराचं कडं, आणि बाहेरून आवळायला दोन लोखंडी चाप. दुकानदारानं त्यात पाणी भरलं, झाकण आवळलं, पिंप उलटं केलं आणि त्यावर स्वतः उभा राहिला. थेंब गळला नाही. वरूनच तो मला म्हणाला, "मास्साब, इसमें से हवा भी पूछ के निकलेगी." मी भाव केला नाही. असं वाक्य बोलणाऱ्याशी कसला भाव करायचा?

पिंप घरी आलं आणि वास गेला. खरोखर गेला! झाकण उघडायचं, लंगोट टाकायचा, चाप आवळायचा. मी ते काम स्वतःकडेच घेतलं. शाळेच्या मधल्या सुट्टीत चाप बघायला घरी धावत यायचो. शेजारचे रामेश्वर भिया (त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि अर्ध्या गल्लीची खबर त्यांच्या गल्ल्यावर जमा होई) विचारायचे की मास्साब, आजकाल दौड़ क्यों लगाते हो. मी म्हणायचो, तब्येतीसाठी.

नाना दुसऱ्यांदा आले ते संध्याकाळच्या मोटारीनं. दारात थांबले. उजवीकडची हवा घेतली, डावीकडची घेतली. पुन्हा एकदा घेतली. मग पगडी काढून खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "सुधारणा आहे." कमाविसदारांच्या तोंडून हा शब्द मिळवण्यासाठी धार संस्थानात लोकांच्या पिढ्या खपल्या असतील. जेवताना ते असंही म्हणाले की सकाळी विचार करू. न्यायलाच पाहिजे असं काही नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. पण यशानं माणूस बिघडतो. जेवणं झाल्यावर मला वाटलं, सकाळी नाना नीट तपासणी करतील, तेव्हा वासाची शंकासुद्धा नको. मी पातेलंभर पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि ते पिंपात ओतलं. कमल म्हणत होती की रोजच्यासारखं गार पाणी पुरे आहे. मी तिला जंतूंविषयी सांगितलं. मग दोरीवरचे वाळलेले लंगोटसुद्धा काढून आत टाकले, कारण वाळलेल्यांतही जंतू असू शकतात. रात्रीपुरते लागतील तेवढे कमलनं माझ्या हातून ओढून घेतले म्हणून राहिले. पिंपातून वाफेचे लोट येत होते. त्या लोटांवर मी झाकण दाबलं आणि दोन्ही चाप आवळले.

सकाळी शरदनं रात्रीचा शेवटचा लंगोट भिजवला आणि कमलनं पिंप उघडायला सांगितलं. मी चाप सोडले. झाकण ओढलं. झाकण हललं नाही. पुन्हा ओढलं, पिंपच माझ्याबरोबर उठलं. मी पिंपाला पायांत धरून ओढलं, उलथणं घालून बघितलं, उलथणं वाकलं. कमल बाळाला उघडंच कडेवर घेऊन उभी होती आणि बाळ तिच्या पातळाचा उपयोग करत होतं. माझी जुनी धोतरं सगळी आधीच फाडून लंगोट झालेली होती आणि ती सगळी आत होती.

आवाजानं नाना बाहेर आले. कमलनं त्यांना काय झालं ते थोडक्यात सांगितलं. नानांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरचं जरीकाठी उपरणं काढून मुलीच्या हातात दिलं आणि खुर्ची अंगणात ओढून बसले. नातवाला दरबारी उपरणं गुंडाळलेलं मी बघितलं. तेही भिजायला वेळ लागला नाही.

मी पिंप अंगणात ओढलं आणि रामेश्वर भियांकडून पहार मागितली. भिया पहारीबरोबर स्वतःही आले. झाकणाभोवती त्यांनी बरीच ताकद लावली, घाम पुसला आणि विचारलं, "मास्साब, इसमें ऐसा क्या धर दिया भिया, जो निकल ई नी रिया?"

आता नानांच्या देखत मी या माणसाला लंगोट म्हणून कसं सांगू? मी म्हणालो, घरचीच वस्तू आहे. भियांनी पिंपाकडे बघितलं. काल संध्याकाळी धारहून आलेल्या, पगडीवाल्या नानांकडे बघितलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "समझ गया," ते म्हणाले, आणि पहार ठेवून बाहेर गेले.

ते काय समजले हे मला थोड्या वेळानं कळलं, कारण अंगणात माणसं यायला लागली. कुणी पाणी मागायला आलं, कुणी बाळाची चौकशी करायला. सगळ्यांची नजर पिंपावर. कुजबुजीतून एवढं उमगलं की संस्थान बुडाल्यावर धारच्या साहेबांनी वाचवलेलं सोनंनाणं लेकीकडे आणून ठेवलंय आणि किल्ली हरवलीय. मला वाटलं, नाना खुलासा करतील. पण पेन्शनीत निघाल्यापासून नानांकडे एवढ्या आदरानं कुणी बघितलं नसावं. त्यांनी आत जाऊन पगडी घालून आणली, परत बसले आणि मंडळींना जरा मागे सरा म्हणून हातानं खूण केली. मंडळी सरली.

मी मात्र पिंपाभोवती गोल गोल फिरत होतो. दुपारच्या मोटारीची वेळ जवळ येत होती. काल मिळवलेली 'सुधारणा' हातची चालली होती. तेवढ्यात कमल माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही दरवर्षी आठवीच्या धड्याची तयारी करताना बोलता, तो हाच का प्रयोग? डब्यात वाफ कोंडायची, डबा गार करायचा, मग बाहेरची हवा त्याला दाबून धरते?"

मी उभाच राहिलो. हवेचा दाब! मी तो धडा डोळे मिटून शिकवू शकत होतो. बहुधा तसाच शिकवत आलो होतो. रात्री मीच वाफ कोंडली होती, ती गार झाली होती आणि आता सगळ्या पृथ्वीचं वातावरण माझ्या मुलाच्या लंगोटांवर बसलं होतं. मी कमलला म्हणालो की मला आलंच होतं ध्यानात. ती म्हणाली, मग तापवा.

अंगणात तीन दगड मांडले, लाकडं पेटवली आणि भियांच्या मदतीनं पिंप वर चढवलं. सोनं वितळून काढणार, असं कुणीतरी मागे म्हणालं आणि गर्दी पुन्हा पुढे आली. आता खरं तर पिंप जरा कोमट झालं की काम भागणार होतं. पण एकदा फसलेला माणूस खात्री करून घेतो. मी आणखी लाकडं घातली. आत गुडगुडायला लागलं. नाना खुर्चीवरून उठले आणि सरकारी पाहणीला उभं राहावं तसे अगदी पिंपापाशी येऊन वाकले. भिया त्यांच्या खांद्यावरून वाकले. बाकीचे भियांच्या खांद्यावरून.

झाकण बंदुकीसारखा आवाज करून उडालं आणि अंगणाबाहेर गेलं. पाठोपाठ वाफ आली. त्या वाफेत सोडा होता, रबर होतं, आणि रात्रभर कोंडून नंतर उकडलेलं, असं जे काही होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. अंगण रिकामं व्हायला फार वेळ लागला नाही. रामेश्वर भिया तेवढे नाकाला धोतर लावून थांबले, कारण पहार त्यांची होती. त्यांनी आत डोकावलं, काठीनं एक लंगोट वर उचलला, बराच वेळ बघितला आणि मला म्हणाले, "इत्ती सी बात थी, तो बोल देते मास्साब." मग पहार घेऊन गेले.

नाना जागचे हलले नव्हते. चष्म्यावर वाफ धरली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसायला खांद्यावर हात नेला, तिथे उपरणं नव्हतं. मग ते म्हणाले, "कमल, बाळाची तयारी कर. तुम्हा दोघांना मी घेऊन जातो."

कमलनं पिंपाकडे हात करून दाखवलं. एकूण एक लंगोट ओला होता. देवासहून इंदूर, तिथे मोटार बदलून धार. एवढ्या प्रवासाला लंगोटाशिवाय मूल न्यायचं कसं? आणि वाळेपर्यंत मोटार कोण थांबवणार? मग तिनं वडिलांना दुसरं कारणही सांगितलं. माझ्याकडे बोट न दाखवता, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, "आणि नाना, यांना घरात एकटं ठेवायची मला आता भीती वाटते."

हे नानांना ताबडतोब पटलं. इतक्या लवकर पटलेलं मला फारसं आवडलं नाही, पण शरद राहिला, कमल राहिली, आणि मी तक्रार करायच्या स्थितीत नव्हतो.

नानांना पोचवायला मी मोटारस्टँडवर गेलो. ते मोटारीत चढले. खिडकीजवळ बसले, मी खाली हात जोडून उभा राहिलो. शेजारी एक धारचेच वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे बघून आपुलकीनं चौकशी केली: हे आपले जावई का, काय करतात? नाना म्हणाले, हायस्कुलात शिक्षक आहेत. गृहस्थांनी विचारलं, विषय कोणता?

नानांनी एकवार माझ्याकडे पाहिलं.

"संस्कृत," ते म्हणाले.

गृहस्थांचा चेहरा उजळला. खिडकीतून वाकून ते मला म्हणाले की वा, मग प्रवासाला निघताना एखादं सुभाषित होऊन जाऊ द्या. मी घसा साफ केला. मोटार सुटेपर्यंत मी तो साफच करत होतो.